आडनावाच्या मागावर सहा दिवस: सातारा, नाशिक, पुणे

एकाच आडनावाची दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुमचं मूळ गाव कुठलं?" शोधाची खरी सुरुवात याच प्रश्नात आहे, पण बहुतेक जण तो विचारून विसरतात आणि आडनावाच्याच मागे लागतात.

कुलकर्णी, देशपांडे, पाटील, चौगुले, पोतदार, चिटणीस ही हुद्द्यांची नावं. गावोगाव कुलकर्णी होते, म्हणून दोन कुलकर्णी घरांत आडनावापलीकडे काहीच सामाईक नसणं हेच जास्त शक्य. हुद्द्यामागे मूळ उपनाव दडलेलं असतं: नाना फडणविसांचं घराणं भानूंचं, पेशव्यांचं भटांचं. जाधव, शिंदे, मोरे, पवार ही कुळनावं, पण ती अनेक जातींत सापडतात. 'कर' लागलेलं आडनाव गाव सांगतं खरं, पण ते बहुधा गाव सोडल्यावर चिकटलेलं असतं. शिवाय वडगाव आणि पिंपळगाव महाराष्ट्रात इतकी आहेत की दोन वडगावकरांमध्ये तीनशे किलोमीटरचं अंतर सहज निघतं.

म्हणून पुढचा मार्ग आडनावावरून गावाकडे आणि गावावरून कागदाकडे जातो. गाव सातारा जिल्ह्यातलं धरलं आहे. बाकीच्यांसाठी कुठे काय बदलतं, ते जागोजागी येईल.

निघण्याआधी, बुधवारची रात्र

घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसून चार गोष्टी लिहून घ्यायच्या. आडनावाचा इतिहास विचारू नका, त्यावर दंतकथाच मिळते. "आपलं सुतक कुणाकुणाशी आहे?" हे विचारा. शास्त्राने सात पिढ्यांपर्यंत दहा दिवसांचं सुतक, त्यापुढे तीन दिवसांचं. घरोघर रिवाज वेगळा असला तरी "त्यांचं आपल्याला तीनच दिवस येतं" या एका वाक्यात फाटा किती जुना याचा अंदाज येतो. दुसरी गोष्ट श्राद्धातली नावं: बाप, आजा, पणजा आणि त्यांच्या बायका. तिसरी कुलदैवत, आणि देवक (कुळाची खूण मानलेलं झाड किंवा वस्तू) किंवा गोत्र. चौथी म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. माथ्यावरचं 'प्रसन्न' कुणाचं आहे ते पाहा आणि खालची निमंत्रकांची यादी उतरवा. पन्नास वर्षांपूर्वीच्या पत्रिकेत जे चुलते निमंत्रक म्हणून आहेत आणि आज कुणाच्या तोंडी नाहीत, ती तुटलेली फांदी.

त्याच रात्री सरकारचं 'आपले अभिलेख' संकेतस्थळ उघडून गावाचे जुने सातबारे आणि फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी) स्कॅन झालेत का ते बघावं. सगळे तालुके तिथे नाहीत, पण असतील तर उद्याचा अर्धा दिवस वाचतो.

पहिला दिवस, गुरुवार: तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष

गुरुवार मुद्दाम धरला आहे. सरकारी कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा, आणि आज दिलेल्या अर्जाची नक्कल उद्या मिळेलच असं नाही. दोन कामाचे दिवस हाताशी हवेत.

"आमच्या घराण्याची माहिती द्या" असा अर्ज वाया जातो. त्यात गाव, गट किंवा सर्व्हे नंबर, नमुना आणि सालं लिहावी लागतात. उदाहरणार्थ: 'मौजे अमुक, सर्व्हे नं. ४२, जुना हस्तलिखित सातबारा आणि त्यावरील सर्व फेरफार, उपलब्ध असलेल्या पहिल्या नोंदीपासून'. आजचा गट नंबर ठाऊक आहे पण सर्व्हे नंबर नाही, ही नेहमीची अडचण. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली जिथे योजना झाली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट आले. जोड लावणारा एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, तहसीलमध्ये नव्हे. कोकणात बऱ्याच गावांत ही योजना झालीच नाही, तिथे जुनाच नंबर चालतो.

आता जुना सातबारा हातात आला असं समजू. नावांची रांग, काही नावांभोवती कंस, शेजारी वर्तुळात आकडे. कंसातलं नाव म्हणजे कमी झालेला खातेदार: मेला, विकून गेला किंवा वाटणीत बाहेर पडला. वर्तुळातला आकडा म्हणजे ज्या फेरफाराने हे घडलं त्याचा क्रमांक. तो आकडा घेऊन गाव नमुना ६ ची नोंदवही उघडायची. तिथे असं काही वाचायला मिळतं: 'खातेदार राघू बिन तुका मयत. वारस मुलगे १) बाळू २) गणू अ.पा.क. आई सखू कोम राघू'. एका ओळीत तीन पिढ्या आल्या. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, म्हणजे बाप गेला तेव्हा गणू सज्ञान नव्हता. त्याच्या जन्मसालाला खालची मर्यादा इथेच मिळते. या राघूचं नाव कुठल्या फेरफाराने लागलं ते बघत एकेक आकडा मागे सरकत जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे ही साखळी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपाशी थांबते.

सर्वांत जास्त झाडं वाकडी होतात ती 'ए.कु.मॅ.' या तीन अक्षरांमुळे. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलेलं असतं आणि पाठचे भाऊ कागदावर उगवतच नाहीत. पुढे चाळीस वर्षांनी वाटप होतं तेव्हा चुलत्यांची नावं अचानक येतात, आणि नवखा माणूस त्यांना खरेदीदार समजून सोडून देतो. सातबाऱ्यावर एकच नाव म्हणजे एकुलता एक मुलगा, असं कधीही धरू नये. मुलींचं तर विचारूच नका. १९५६ च्या वारसा कायद्याआधीच्या नोंदींत त्या जवळजवळ नाहीतच.

याच कक्षात जुना गाव नमुना १४ मागावा. आज त्या क्रमांकाखाली पाण्याच्या साधनांची नोंद असते, पण जुना १४ म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर. 'कोतवाल बुक' म्हटलं की कारकुनाला चटकन कळतं. त्यात जन्मलेल्याचं नाव बहुधा नसतं, 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच, बापाचं नाव आणि जात. पण तारीख खरी असते. कागद फार जीर्ण असतात. पान उलटताना कोपरा नव्हे, मध्यभाग तळहातावर घ्यावा.

मराठवाड्यातल्या माणसाने याच जागी १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक मागावं. त्याआधीचं दप्तर निजामाचं, उर्दूत आणि फसली सालातलं. तिथल्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा असे पुष्कळ कागद स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आले. दाखल्याशी देणंघेणं नसलेल्यानेही ते चाळावेत. गाववार लावलेली इतकी नावं दुसरीकडे आयती मिळत नाहीत.

"रेकॉर्ड नाही" असं तोंडी उत्तर आलं तर ते लेखी मागा. नसेल देत, तर माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपये, ३० दिवस.

दुसरा दिवस, शुक्रवार: शाळा आणि तलाठी

गावातल्या किंवा शेजारच्या मोठ्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा. शोधाच्या दृष्टीने सोन्याचा रकाना आडनावाचा. पुष्कळ घरांत आजा 'पाटील' म्हणून शाळेत गेला, त्याचा धाकटा भाऊ 'यादव' म्हणून, कारण मास्तरांनी विचारलं तेव्हा एका वेळी हुद्दा सांगितला गेला आणि दुसऱ्या वेळी कूळ. एकाच घरातली दोन आडनावं अशी शाळेच्या पायरीवर फुटलेली असतात. म्हणून रजिस्टर आडनावाने नव्हे, बापाच्या नावाने वाचा.

जन्मतारखेचा मात्र विश्वास धरू नका. एक जूनला जन्मलेली माणसं गावात इतकी असतात की त्या दिवशी पाळणेच पाळणे हलले असावेत. शाळेत घालायला वय बसवण्यासाठी गुरुजींनी घातलेली ती तारीख.

तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात अजून तलाठीच म्हणतात. त्यांच्याकडे नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवही, बघून घ्यायची. काम तासाभराचं, ते जागेवर सापडले तर.

तिसरा दिवस, शनिवार: गावठाण, भावकी, कुलदैवत

आज वही बंद ठेवून आधी गाव फिरायचं. आडनावाची घरं कुठल्या आळीत आहेत, किती वाड्यांत विखुरली आहेत, ते कागदावर खुणेनं काढा. पाटीलकी असलेल्या घरांत तक्षिमा असतात: थोरली तक्षीम, धाकटी तक्षीम. तक्षीम म्हणजे वतनातला वाटा, आणि वाटा भावाभावांतच पडतो. तेव्हा दोन घरांना आपली तक्षीम सांगता येत असेल, तर मूळ पुरुष एक मानायला बळकट आधार आहे. अपवाद एकच: वतनाचा वाटा विकतही घेतला जाई. विकत घेणाऱ्याचं कूळ वेगळं असतं, आणि ते देवकावरून उघडं पडतं.

मानपान हा दुसरा धागा. होळीला पहिली पोळी कुणाची, पोळ्याला पहिला बैल कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, हा क्रम थोरल्या-धाकट्या शाखांचा क्रम असतो. भांडणं होऊन क्रम बदललेला असेल तर तेही गावाला पक्कं आठवत असतं. सगळ्यांसमोर पारावर विचारलं तर प्रत्येक जण आपलीच शाखा थोरली सांगणार. वेगवेगळ्या घरी, वेगवेगळ्या वेळी विचारा आणि जुळवा.

देवघरातले टाक (धातूच्या पत्र्यावर उठवलेल्या प्रतिमा) बघायला मागावेत, पण हात लावू नये. देवांच्या टाकांबरोबर पूर्वजाचा किंवा वीराचा टाक असेल तर त्याची गोष्ट नाव-गावासकट सांगितली जाते. तोच पुरुष दुसऱ्या गावच्या त्याच आडनावाच्या घरातही टाकावर असेल, तर ते घर पुन्हा भेटण्याजोगं आहे.

दक्षिण महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर, सांगली या पट्ट्यात, हेळवी येतात का हे विचारायला विसरू नये. वंशावळ राखणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. ते येतात, वही वाचतात, नवीन जन्मलेल्यांची नावं घालून घेतात. त्यांची गावं वाटलेली असतात, म्हणून कुठलाही हेळवी चालत नाही, आपल्याच गावचा लागतो. विदर्भाकडे हेच काम भाटांचं. वाचून दाखवताना आवाज रेकॉर्ड करायची परवानगी घ्या. वाचन जलद असतं, हाताने उतरवायला गेलात तर निम्मी नावं निसटतात. सुरुवातीच्या पिढ्या एखाद्या राजकुळापाशी किंवा थेट पुराणातल्या पुरुषापाशी नेऊन भिडवलेल्या असतात. त्या नम्रपणे ऐकायच्या आणि झाडात न घालता सोडायच्या. अलीकडच्या सहा-सात पिढ्या कामाच्या.

संध्याकाळी कुलदैवत. कराडजवळच्या पालीचा खंडोबा असो किंवा शिखर शिंगणापूरचा महादेव, देवदर्शनाइतकंच पुजाऱ्याशी बोलणं महत्त्वाचं: या आडनावाची माणसं आणखी कुठल्या गावांहून येतात? तीन-चार गावांची नावं मिळाली की पुढच्या खेपेची सोय झाली. कुलदैवत लांब असणं हीसुद्धा खूण असते. कोकणातल्या अनेक चित्पावन घरांची कुलदेवी अंबाजोगाईची योगेश्वरी आहे. मात्र एवढ्यावरून "आम्ही तिथूनच आलो" असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

चौथा दिवस, रविवार

साताऱ्याहून पुण्यावरून नाशिक, दिवस प्रवासात जातो. गाडीत बसल्या बसल्या तीन दिवसांची टिपणं एका तक्त्यात आणा: प्रत्येक नावापुढे पुरावा आणि साल. एका पिढीला २५ ते ३० वर्षं धरून हिशेब घातला की गोंधळ दिसू लागतात. आपल्याकडे आज्याचं नाव नातवाला, त्यामुळे महादेव रघुनाथ आणि रघुनाथ महादेव आलटून पालटून येत राहतात. दोन कागदांतल्या 'रघुनाथ महादेव' यांच्यात साठ वर्षांचं अंतर असेल तर ती दोन माणसं. शंका असेल तिथे बायकोचं नाव जुळवा, ते सहसा इतकं परत परत येत नाही.

पाचवा दिवस, सोमवार: रामकुंडावरच्या वह्या

आज त्र्यंबकेश्वरला सोमवारची गर्दी, म्हणून आधी नाशिकची पंचवटी. इथले तीर्थोपाध्ये, म्हणजे तीर्थावरचे पिढीजात पुरोहित, येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी वह्यांत ठेवतात. रामकुंडापाशी आडनाव सांगून काहीच होत नाही. "अमुक तालुक्यातल्या अमुक गावचे, अमुक समाजाचे तीर्थोपाध्ये कोण?" असं विचारायचं. गावं घराण्यांत वाटलेली आहेत. दोन-तीन ठिकाणी विचारलं की नेमकं घर सापडतं. तालुका जुना सांगावा लागतो, कारण वही लिहिली तेव्हा आजचा तालुका नसेलही. घराण्यात वाटण्या होऊन वह्याही भावाभावांत गेलेल्या असतात, म्हणून एका घरी "नाही" म्हटलं तर "मग या गावची वही कुणाच्या वाट्याला गेली?" हा पुढचा प्रश्न.

वहीत गाव उघडतं आणि मग एकेक भेट दिसते: कोण आलं, कशासाठी आलं (अस्थी, यात्रा, सिंहस्थ), बापाचं नाव, आज्याचं नाव, भाऊ, मुलं, आणि शेवटी स्वतःच्या हाताची सही किंवा अंगठा. फेरफारात गडप झालेले पाठचे भाऊ इथे भेटतात, कारण इथे जमिनीचा प्रश्न नसतो, येणारा मोकळेपणाने सगळ्यांची नावं सांगतो. गुरुवारच्या 'ए.कु.मॅ.'चं औषध सोमवारी मिळतं ते असं. १९९१, २००३, २०१५ ही सिंहस्थाच्या आसपासची पानं आधी बघावीत. त्या काळात गावंच्या गावं आली असल्याने नोंदी दाट असतात. त्याच कारणाने २०२७ च्या सिंहस्थात आणि दरवर्षी पितृपक्षात शोधासाठी जाऊ नये. उपाध्यायांना बसायलाही फुरसत नसते.

जुनी पानं मोडी लिपीत. वाचून ते दाखवतील, पण अस्थी घेऊन आलेली मंडळी समोर उभी असतील तर थांबावं लागतं आणि थांबावंच. फोटो विचारून काढा. काहींची ना असते आणि ती रास्त आहे. वही हे त्यांचं वतन आहे. दक्षिणा ऐपतीप्रमाणे.

दत्तकाची नोंद इथे नीट पाहा. दत्तक गेलेला मुलगा दत्तक बापाच्या नावाने लिहिला जातो, त्यामुळे एकाच माणसाचे दोन बाप दोन वह्यांत सापडतात. चूक कुणाचीच नसते. तक्त्यात दोन्ही ठेवा, दत्तकाची रेघ तुटक काढा.

निघण्याआधी आपली नोंद घालायची: स्वतःचं पूर्ण नाव, भावंडं, मुलंमुली, बायकोचं माहेर, मूळ गाव जुन्या आणि नव्या तालुक्यासह, आणि सध्याचं राहण्याचं ठिकाण. मुलींची नावं सांगितल्याशिवाय लिहिली जातीलच असं नाही, सांगा.

नाशकात सापडलं नाही तर दुपारनंतर त्र्यंबक, सुमारे ३० किलोमीटर. तिथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्या वेगळ्या. रात्री पुण्याची गाडी.

सहावा दिवस, मंगळवार: पुण्याचं पेशवे दप्तर

इथे शेवटी यायचं कारण साधं आहे. गाव, जुना परगणा आणि वतन ठाऊक नसलेल्या माणसाला, पेशवे दप्तर जिथे आहे त्या पुणे पुराभिलेखागारात, हजारो रुमालांपुढे नुसतं उभं राहावं लागतं. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. ओळखपत्र आणि संशोधनाचा विषय लिहिलेला अर्ज लागतो. मोडी येत नसेल तर वाचणारा बरोबर हवा. लिहायला पेन्सिल.

मागायचं काय? कैफियती (हक्काची लेखी निवेदनं) आणि करिने. इंग्रजी अमलात इनाम कमिशनने इनामदारांकडून हक्काचा पुरावा मागितला, तेव्हा घराण्यांनी वंशावळी जोडून कैफियती दिल्या. त्याआधीच्या वतनाच्या तंट्यांत दोन्ही पक्ष आपला करिना लिहून देत: मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, वतन कुणाकडून कुणाकडे आलं. ज्या घराण्यात कधी भांडण झालं नाही त्याचा कागद नाही, असा हा उलटा न्याय. सातारच्या मंडळींनी सातारा महाराजांचं दप्तरही विचारावं. राज्य १८४८ मध्ये खालसा झालं आणि ते कागद इथे आहेत. मात्र करिना हा वादीचा जबाब आहे. आपला हक्क जुना दाखवायला पिढ्या वाढवलेल्या आणि प्रतिपक्षाची शाखा गाळलेली असू शकते. दोन्ही बाजूंचे करिने मिळाले आणि त्यांत एखादी पिढी सारखी निघाली, तर तेवढीच खात्रीची.

मोडीत आधी ओळ आखून तिला अक्षरं लटकवत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. 'बाळोजीबिनरायाजीपाटीलमौजे' अशी सलग दोरी असते. सराव नसलेला 'बिन' नावातच गिळतो आणि बाप हरवतो. कागदावर प्रथम 'बिन', 'कोम' आणि 'मौजे' हे तीन शब्द शोधून खुणा करा, मग उरलेलं आपोआप सुटतं.

कालगणना बहुधा शुहूर सनाची (मराठी दप्तरांतला जुना सन), आणि साल अरबी शब्दांत, एककापासून वर. 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे ६, ७०, १०० आणि १०००: एकूण ११७६. त्यात ५९९ मिळवले की १७७५ येतं. सन मृग नक्षत्राला सुरू होतो, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला ५९९ ऐवजी ६०० मिळवायचे. ही एक वर्षाची चूक छापील कुलवृत्तान्तांतही आढळते. शके असेल तर ७८.

हाती आलेल्या कागदाचा दप्तर विभाग, रुमाल क्रमांक आणि कागद क्रमांक उताऱ्याच्या माथ्यावरच लिहा, नंतर लिहीन म्हणून ठेवू नका. दुसऱ्या खेपेला तोच कागद नुसत्या वर्णनावरून पुन्हा सापडत नाही. वेळ संपत आली की नवा रुमाल सोडू नये. उघडलेला रुमाल कागद होते त्याच क्रमाने लावून, चारही टोकं घेऊन, होती तशी गाठ मारून परत द्यावा.